सनद नावाची की कामाची?

न्यायालयाच्या आवारात नव्या वकिलाला ‘सनद मिळाली’ असे आजही म्हणतात. पेशवाईच्या दप्तरातून निघालेला हा शब्द इंग्रजी अमदानी पचवून आणि स्वराज्याची पाऊणशे वर्षे ओलांडून पेढ्यांच्या पुड्याबरोबर घरोघरी पोहोचतो, आणि आपला मूळ अर्थ त्याने अद्याप गमावलेला नाही. सनद म्हणजे नुसता मानमरातब नव्हे. सनद म्हणजे अमुक एक काम करण्याचा अधिकार, आणि ज्याच्यापाशी ती नाही त्याला त्या कामाची मनाई. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलीचा हक्क सनदधारकांपुरता राखून ठेवला. वैद्यकाची गोष्टही तत्त्वतः तशीच आहे. परंतु ज्याच्या रेघांवर विसंबून आपण डोक्यावर दहा मजले घेऊन रात्री निर्धास्त झोपतो, त्या वास्तुविशारदाला राज्यसंस्थेने दिलेली सनद कामाची नसून केवळ नावाची आहे, ही गोष्ट सुशिक्षितांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसते. मला ती एका घराच्या निमित्ताने कळली.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित जागेवर लहानसे दुमजली घर बांधण्याची आम्ही तजवीज केली. नकाशा काढणारा एक होतकरू ड्राफ्ट्समन मिळाला. मुलगा हुशार होता, हात स्वच्छ होता, आणि स्वयंपाकघराला पूर्वेचा उजेड कसा येईल याचा विचार त्याने आम्ही न सांगताच केला होता. नकाशा नगरपालिकेत दाखल करायचा तर त्यावर परवानाधारकाची सही लागते, असे कळल्यावर मी चिंतेत पडलो, तो हाच मला म्हणाला, “सहीचं माझ्याकडे लागलं, काका. साहेबांकडून दोन दिवसांत आणतो.” साहेबांना एकदा जागा दाखवून आणू या, असे मी सुचवले, तेव्हा त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले. “जागा कशाला बघायची? जागा नकाशात आहेच की.” सही आली, शिक्का आला, दोन्हींचे ठरलेले पैसे दिले गेले, आणि प्रारंभ प्रमाणपत्र हाती पडले. साहेबांचे दर्शन मला कधीच घडले नाही. स्लॅबमध्ये कोणती सळई किती अंतरावर घालावी याचा निर्णय अखेर गवंड्याने दिला; त्याचे प्रमाण असे की आजवर याच मापाने घातल्यात आणि सगळ्या उभ्या आहेत. या सर्व व्यवहारात मी तक्रारदार नव्हे तर भागीदार होतो, हे कबूल केले पाहिजे; कारण सही स्वस्तात मिळाली याचे त्या वेळी मला समाधानच वाटले होते.

त्या सहीने मला कायद्याच्या दारी नेले. १९७२ पूर्वी या देशात कोणीही आपल्या दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावू शकत असे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकला शिकलेल्या तरुणांनी १९१७ साली स्थापलेले आणि १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने ओळखले जाणारे मंडळ या अनागोंदीविरुद्ध दीर्घकाळ झगडत होते, आणि संसदेत पीलू मोदींसारखा, स्वतः वास्तुविशारद असलेला, खासदार या प्रश्नाचा पाठपुरावा करत होता. अखेर वास्तुविशारद अधिनियम झाला. त्याने एक परिषद निर्माण केली, नोंदवही उघडली, आणि ३७ व्या कलमान्वये असे ठरवून दिले की जो या नोंदवहीत नाही त्याने ‘आर्किटेक्ट’ हे नामाभिधान वापरू नये. येथे कायदा थांबतो. नोंदवहीत नसलेल्याने इमारतीचा आराखडा काढू नये, असे तो कोठेही म्हणत नाही. उलट विधेयकाच्या उद्देशनिवेदनातच स्पष्ट केले होते की संरक्षण नावाला आहे. इमारतींचे आरेखन व देखरेख यांचा एकाधिकार वास्तुविशारदांना द्यावयाचा नाही, आणि अभियंते आदी इतरांनी आपला नेहमीचा व्यवसाय खुशाल करावा. नावाची चोरी करणाऱ्यास मूळ कायद्याने लिहिलेली शिक्षा पाहिली म्हणजे या संरक्षणाचे वजनही कळते: पहिल्या अपराधास पाचशे रुपयांपर्यंत दंड. पुढच्या अपराधांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

नावाचे संरक्षण करू जाणाऱ्या कायद्याची काळाने कशी थट्टा केली आहे, हे पाहण्यासाठी हिंजवडीच्या कोणत्याही कचेरीत दहा मिनिटे बसावे. तेथे प्रत्येक मजल्यावर ‘सोल्यूशन आर्किटेक्ट’ आणि ‘डेटा आर्किटेक्ट’ यांचा सुळसुळाट आहे, आणि त्यांतील एकालाही विटेचे माप ठाऊक असण्याचे कारण नाही. १९७२ च्या संसदेने जहाजांचे आणि उद्यान-भूदृश्यांचे आर्किटेक्ट या मनाईतून मोकळे ठेवले होते. संगणकात इमले बांधणाऱ्यांची कल्पना तिला असणे शक्य नव्हते. इकडे मराठीत आणखी एक मौज झाली आहे. स्वयंपाकघर आग्नेयेला आणि तिजोरी कुबेराच्या दिशेला, असे सांगून चालती भिंत पाडायला लावणारा जो गृहस्थ, त्याला आपण ‘वास्तुतज्ज्ञ’ म्हणतो. त्याला ना पदवी लागते, ना परिषद, ना परवाना, आणि त्याच्या शब्दाला घरमालकाच्या मनात जे वजन असते ते खऱ्या वास्तुविशारदाच्या शब्दाला क्वचितच लाभते.

या कायद्याचा अर्थ काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोएडा प्राधिकरणातील, नावात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द असलेल्या एका पदावर नोंदणी नसलेल्या कर्मचाऱ्याला बढती देता येईल काय, असा मूळ प्रश्न होता. त्याचा निर्णय टाळेबंदीच्या आठवडाभर आधी, १७ मार्च २०२० रोजी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी दिला. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला त्या नावाचे पद देता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ३७ वे कलम नोंदणी नसलेल्यांना वास्तुविशारदाचे काम करण्यास मज्जाव करत नाही, हेही त्याच निकालात निःसंदिग्धपणे सांगितले. निकाल तर्काला धरून आहे. दोष असलाच तर तो संसदेच्या मूळ योजनेत आहे. परंतु त्यापासून निष्पन्न काय झाले? पदाचे नाव बदलले की काम मोकळे. याउलट शिक्षणाच्या दाराशी पहारा किती कडक आहे पाहा: वास्तुकलेच्या महाविद्यालयांवर अंतिम अधिकार तंत्रशिक्षण परिषदेचा की वास्तुविशारदांच्या परिषदेचा, हा तंटा आपल्या कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये वास्तुविशारदांच्या परिषदेच्या बाजूने सुटला. प्रवेशपरीक्षा, पाच वर्षांचा अभ्यासक्रम, महाविद्यालयांची तपासणी, हे सर्व झाल्यावर त्या विद्यार्थ्याला आपण जे काम शिकवले ते इतर कोणालाही करण्याची मुभा असतेच, आणि खुद्द त्याचे नाव पदवी व शुल्क दाखवताच नोंदवहीत चढते. प्रत्यक्ष इमारत उभी करण्याची पात्रता आली आहे किंवा कसे, हे पदवीनंतर कोणी तपासत नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रत्यक्ष परवाना देणारी संस्था दिल्लीत नसून आपल्याच नगरपालिकेत आहे. ते खरे आहे, आणि ही व्यवस्था समजण्यापेक्षा जुनी आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात सर्व्हेअर आणि प्लंबर यांना परवाने देण्याचा अधिकार आयुक्ताला दिलेला आढळतो. म्हणजे वास्तुविशारदाला नाव मिळण्यापूर्वी चौऱ्याऐंशी वर्षे नळ जोडणाऱ्याला सनद मिळाली होती. पाणी तुंबले तर वास येतो, आणि वास साहेबालाही येतो. भिंतीचे दुखणे तसे चटकन कळत नाही. आज मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि तिच्या परिशिष्टात वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता, सुपरवायझर अशा तांत्रिक व्यक्तींची पात्रता आणि मर्यादा लिहिलेल्या आहेत. तत्त्व उत्तम आहे. तथापि माझ्या घराच्या नकाशावरची सही याच तत्त्वाखाली झाली होती. परवाना माणसाला दिला जातो. काम मात्र तोच माणूस करतो आहे काय, हे पाहण्याची नियमावलीला सवड नसते. जोत्याच्या तपासणीचा दाखला कागदावर होतो, आणि भोगवटा प्रमाणपत्र जेथे मागितलेच जात नाही अशा वस्त्या आपल्या प्रत्येक शहराभोवती आहेत.

आणि ज्याच्यावर इमारतीचे उभे राहणे खरोखर अवलंबून आहे, त्याची स्थिती सर्वांत नाजूक. आरसीसीचे गणित करणारा संरचना अभियंता, ज्याला बांधकामावर सरसकट ‘आरसीसीवाले’ म्हणतात, त्याच्यासाठी वकिलांसारखा किंवा वास्तुविशारदांसारखा संसदेचा कायदाच नाही. जेथून त्याचे नाव काढून टाकता येईल अशी देशाची नोंदवही नाही, आणि म्हणून नाव जाण्याचे भयही नाही. या उणिवेची किंमत शेजारच्या गुजरातेने मोजली. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छात होता. अहमदाबाद तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरीही तेथे कितीतरी नव्या, चकचकीत, बहुमजली इमारती कोसळल्या, आणि शेजारची जुनी घरे पुष्कळ ठिकाणी उभीच राहिली. कारण गूढ नव्हते. तळमजला मोटारींसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला, वरच्या मजल्यांत भिंतीच भिंती; म्हणजे वरचा भाग पेटीसारखा ताठ आणि खालचा टाचणीवर उभा. जमीन हलली की सारे वाकणे त्या खालच्या खांबांच्या वाट्याला येते. असे खांब वाकूनही तुटू नयेत म्हणून उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ घालाव्यात आणि त्यांची टोके काटकोनात न सोडता १३५ अंशांत वळवून आत काँक्रीटमध्ये रुतवावीत, असे भारतीय मानक १९९३ पासून सांगत आले आहे. एका रिंगेला लागणारा जादा श्रम मनगटाच्या एका झटक्याइतका. तो झटका द्यायला सांगणारा आणि दिला की नाही हे स्लॅब पडण्यापूर्वी वाकून पाहणारा माणूस जागेवर असणे, एवढ्यासाठीच तर परवाना असतो. गुजरातने २००६ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. किल्लारीचे दुःख १९९३ मध्ये सोसलेल्या महाराष्ट्राने तसे काही केले नाही.

किल्लारीचे नाव घेतले म्हणजे एक आक्षेप आपणच पुढे आणला पाहिजे. त्या पहाटे हजारो माणसे मेली ती कोणा बोगस आर्किटेक्टच्या नकाशाने नव्हे. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवत नेलेली माळवदे यांनी त्यांना गाडले. तेथे कोणाची सही नव्हती, कधी लागलीही नव्हती. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी जी बेकायदा इमारत पडून ७४ जण गेले, तेथेही परवान्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण परवानगी मागितलीच नव्हती. परवान्याचे राज्य जेथपर्यंत पोहोचत नाही तेथेच माणसे अधिक मरतात, हे सत्य परवान्याच्या कैवाऱ्यांनी विसरू नये. म्हणून खेड्यातल्या एका मजल्याच्या घरावर वास्तुविशारदाची सक्ती करणे मला मूर्खपणाचे वाटते. तेथे गवंड्याला शिकवणे, त्याला रिंगेचे टोक आणि भिंतीतले पट्टे समजावणे, यातच शासनाचा पैसा सार्थकी लागेल. सक्ती केल्याने फक्त माझ्या ड्राफ्ट्समनचे ते साहेब श्रीमंत होतील.

मग सक्ती कोठे असावी? माझ्या मते व्यवसायांच्या सीमा आखत बसण्यापेक्षा धोक्याची सीमा आखावी. वास्तुविशारद परिषद म्हणते काम आमचे, अभियंते म्हणतात आमचे. हा भाऊबंदकीचा दिवाणी दावा पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो. ज्या ब्रिटनचा नावाच्या रक्षणाचा नमुना आपण उचलला, आणि जेथे १९३१ व १९३८ च्या कायद्यांनी प्रथम नोंदवही आणि मग नाव राखून ठेवले, त्या देशाने ग्रेनफेलनंतर काय केले ते पाहावे. १४ जून २०१७ रोजी लंडनचा तो निवासी मनोरा बाहेरच्या आवरणासकट पेटला आणि ७२ माणसे गेली. त्यानंतर २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने नावाचा वाद बाजूला ठेवला. अठरा मीटर किंवा सात मजल्यांपेक्षा कमी नसलेल्या निवासी इमारतींसाठी वेगळा नियामक नेमला, आणि आरेखनाची जबाबदारी कोणा एका नामनिर्दिष्ट व्यक्तीवर अथवा संस्थेवर टाकून तिची पात्रता सिद्ध करण्याचे बंधन घातले. अमेरिकेचा मार्ग पहिल्यापासून निराळा. तेथे इलिनॉय राज्याने १८९७ मध्येच कामाचा परवाना आणला आणि अन्य राज्यांनी क्रमाने तो उचलला. आज तेथील तरुणाला पदवीखेरीज ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा यांतून सामान्यतः जावे लागते. त्या तासांत बांधकामावर उभे राहण्याचे तासही असतात. आपल्याकडे ही उमेदवारी अभ्यासक्रमातील एका सत्राच्या प्रशिक्षणात उरकते.

अमेरिकेचे सगळेच घ्यावे असे मात्र नाही. तेथील काही राज्यांनी अंतर्गत सजावटकारांवरही परवान्याचे जू ठेवले, आणि पडद्यांचा रंग निवडण्यास सरकारी परवानगी कशाला, असा रास्त प्रश्न तेथे वर्षानुवर्षे विचारला गेला. आपल्याकडे इंटीरियर डिझायनर सर्वस्वी मोकळा आहे, आणि रंग, लाकूडकाम, दिवे यांपुरता तो मोकळाच राहावा. परंतु सजावटीच्या नावाखाली तो घण हाती घेतो तेव्हा प्रकरण बदलते. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण मेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांवर आरोप झाले होते. हॉल मोठा दिसावा म्हणून खांब तासणे, बीमला भोक पाडून वातानुकूलनाची नळी घालणे, हे प्रकार ज्यांनी कधी पाहिले नाहीत अशा गृहनिर्माण संस्था विरळा. येथे माणसाला परवाना नको. त्या विशिष्ट कृत्याला संरचना अभियंत्याची लेखी संमती हवी, आणि ती संस्थेच्या दप्तरी राहावी.

परवाना म्हटला की मक्तेदारी आली, गरिबाचे घर महागले, प्रतिभेला कुंपण पडले, असे म्हणणारे असतात. चंदीगड उभारणाऱ्या ल कॉर्बुझिएपाशी वास्तुकलेची रीतसर पदवी नव्हती, हेही ते आठवणीने सांगतात. त्यांच्या पहिल्या दोन भयांत तथ्य आहे, आणि म्हणूनच मी एका मजल्याचे घर वगळले. तिसऱ्याविषयी एवढेच म्हणेन की कॉर्बुझिएने आपल्या कामाखालचे आपले नाव कधी लपवले नाही. मला भय आहे ते बिनपदवीच्या प्रतिभेचे नव्हे, पदवीधर अनुपस्थितीचे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने पाच वर्षांत संरचनेत दोष निघाल्यास तो दुरुस्त करण्याचे बंधन प्रवर्तकावर घातले. बँकेतून पैसे काढण्यासाठी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचे दाखले मागितले. म्हणजे पैशाचा हिशेब राखायला तीन सह्या, आणि भाराचा हिशेब चुकला तर जबाब द्यायला प्रवर्तक एकटा. विशिष्ट उंचीवरच्या प्रत्येक इमारतीसाठी आरेखन करणारा आणि भाराचे गणित करणारा, अशा दोघांची नावे भोगवटा प्रमाणपत्रावर असावीत. दोघांनी जोते, प्रत्येक स्लॅब आणि शेवटची गच्ची यांवेळी स्वतः हजर राहिल्याची नोंद तारखेनिशी असावी. संरचना अभियंत्यांची राज्यभराची एकच नोंदवही असावी आणि ती कोणाही नागरिकाला कचेरीची पायरी न झिजवता पाहता यावी. यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. नगररचनेचा १९६६ चा कायदा राज्याचा आहे, नियमावलीही राज्याचीच आहे.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. मराठी मनाला ती पायरी सेवेची आणि नम्रतेची खूण वाटते, आणि ती तशी आहेही. पण अलीकडे मला तिच्यात दुसरेही काही दिसते. गड बांधणाऱ्याने आपले नाव कागदावर नव्हे तर बांधकामातच ठेवले, आणि तेही अशा जागी की येणाऱ्याजाणाऱ्याने ते पाहावे आणि बांधकाम कोणाचे हे कोणाला विचारावे लागू नये. त्या गडाकडे जाणारी वाट महाडातून जाते. महाडमध्येच २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, दहा वर्षेही पुरी न झालेली पाच मजली इमारत खाली आली आणि १६ माणसे गेली. बांधकाम व्यावसायिक, आरसीसी सल्लागार, वास्तुविशारद आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर मग गुन्हे दाखल झाले. ती बातमी वाचल्यावर मी कपाटातून आमच्या घराचा मंजूर नकाशा काढला. शिक्का अर्धाच उमटला आहे, परवान्याच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे घडीत गेले आहेत, आणि सही मी भिंग लावूनही वाचू शकलो नाही.